मामांचा मळहात

मामांना घेऊन एखाद्या लग्नाला जायचं, तर पार्किंगपासून हॉलच्या दारापर्यंतचं अंतर सर्वांत अवघड असायचं. आहेर, पत्रिका, बायकोची पर्स, सगळं जागेवर असायचं. मामाच नसायचे. मागे वळून बघावं तर हे कुठल्यातरी परक्या गाडीपाशी उभे. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची मागची बाजू दारावरून हळूहळू फिरतेय, म्हशीच्या पाठीवरून फिरवावी तशी. गाडीचा मालक पाच पावलांवर आमच्याकडे बघत असायचा. मी मान खाली घालून म्हणायचो, "मामा, चला, मंगलाष्टकं सुरू होतील."

मामा डोळे न उघडता म्हणायचे, "थांबा जावई. हे दार दुसऱ्या गाडीचं आहे."

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तिचे वडील लवकर गेले तेव्हा यांनीच तिला वाढवलं, शिकवलं, माझ्याशी लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. निगडीला प्राधिकरणात एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि पेशाने सर्व्हेअर होते. जमिनीचे नव्हे, अपघात झालेल्या गाड्यांचे. विमा कंपनीने सांगितलं की गॅरेजमध्ये जायचं, गाडीला काय लागलंय, कशाने लागलंय, त्यातलं आत्ताचं किती आणि आधीचं किती, हे बघून अहवाल द्यायचा. देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या बहुतेक गॅरेजवाल्यांना ते माहीत होते आणि ते आले की सगळ्यांचेच चेहरे उतरायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. गॅरेजमध्ये शिरलं की आधी गाडी बघायची, मग माणूस. गाडीचा मालक हात पुढे करून उभा असायचा, मामा त्याच्या बाजूने निघून जायचे. "माणूस आधी बघितला की त्याची दया येते, नाहीतर राग येतो. दोन्हीने पत्रा नीट दिसत नाही," असं म्हणायचे. गाडी बघायची तीसुद्धा आधी लांबून, तिरप्या उजेडात. दारावर छतातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं असेल तर डोकं डावी-उजवीकडे हलवत ते बघायचे. रेघ सरळ सरकली तर दार कंपनीतून आलं तसं आहे. कुठे थरथरली तर तिथे हातोडी पडलेली आहे. मग बोटाच्या पेराने टकटक, मग जुन्या रुमालात गुंडाळलेला एक लोहचुंबक, आणि शेवटी मळहात, म्हणजे हाताची मागची बाजू. तळहात नाही. "तळहाताला घट्टे पडतात, त्याला काहीही पटतं. मळहात कोवळा असतो, त्याला फसवता येत नाही," हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही ते माझंच वाक्य वाटतं.

गॅरेजमध्ये ते चहा घ्यायचे नाहीत. चिखलीला एका चाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मामांना लांबून बघितलं की चाचा ओरडायचे, "मामा आले रे! चाय झाकून ठेवा, वास गेला तरी त्यांचा धर्म बाटेल!" मामा काम संपवून चाचांना हाताला धरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर न्यायचे आणि स्वतःच्या पैशाने चहा पाजायचे. तिथे दोघं अर्धा तास गप्पा मारायचे. रस्त्याच्या अलीकडे मात्र मामा चाचांना ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत.

विम्यात घसारा धरतात. रबर आणि प्लास्टिक निम्म्यावर येतं, पत्रा वयाप्रमाणे उतरतो, काचेला मात्र घसारा नाही, फुटली की पूर्ण किंमत. मामांनी हे कोष्टक सगळ्या जगाला लावलं होतं. गुडघे दुखायला लागले की म्हणायचे, "रबर आहे, निम्मंच मिळणार." माझ्या थोरल्या भावाने केस काळे केले, तर भर जेवणात त्याच्या डोक्याकडे बघून म्हणाले, "रंगकाम चांगलं आहे. कडेला मास्किंग टेप नीट लावली नव्हती." भाऊ अजून आमच्याकडे जेवायला येताना टोपी घालून येतो.

मला त्यांची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचं आहे ते या लाजेबद्दलच आहे. मी एका कंपनीत कॉस्टिंगला आहे. हिशेबात चूक नको, बोलण्यात अघळपघळपणा नको, चारचौघांत तमाशा तर अजिबातच नको, असा माझा स्वभाव. आणि मामांना चारचौघं दिसायचेच नाहीत. अपघात कसा झाला हे समजून घ्यायला ते स्वतः गाडी व्हायचे. कमरेत वाकून, दोन्ही हात पुढे धरून, तोंडाने हॉर्न देत गॅरेजच्या अंगणात चालायचे आणि उभ्या गाडीला येऊन अलगद टेकायचे. "असा आला ना? मग हे असं वर कसं चढलं? टेम्पो उडी मारून आला का?" पोरं हसून लोळायची. मी गेटबाहेर जाऊन फोनवर बोलतोय असं दाखवायचो.

एकदा माझ्याच गाडीचं दार घासलं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला मीच घासलं होतं, पण चाचांच्या गॅरेजमध्ये मी सांगितलं, "कुणीतरी रात्री घासून गेला." विमा-बिमा मागायचा नव्हता, पदरचे पैसे देणार होतो. फक्त सांगायची लाज वाटली. मामा तिथेच होते. त्यांनी ओरखड्यातून नखाने पिवळ्या रंगाचा कण काढला, नाकाशी धरला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "खांब चालत आला होता का जावई?"

आमच्या विभागाच्या साहेबांचं तर त्याहून वाईट झालं. त्यांनी नवी गाडी घेतली आणि दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी बॉनेटला मोठा खळगा दिसला. चाकण रस्त्याला डंपरमधून दगड उडाला, असं त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. माझे मामेसासरे या कामातले आहेत हे त्यांना कळल्यावर, क्लेम टाकण्याआधी एकदा नजरेखालून घाला म्हणाले. मी मामांना कंपनीच्या पार्किंगमध्ये घेऊन गेलो. मामांनी बॉनेटवरून मळहात फिरवला, खळग्याच्या कडेचा वास घेतला आणि मग पुढच्या जाळीत दोन बोटं घालून काहीतरी ओढून काढलं. नारळाची शेंडी.

"पूजेला नारळ कुणी फोडला?" मामांनी विचारलं.

साहेब लाल झाले. "मीच. म्हणजे, चाकासमोर दगडावर फोडणार होतो..."

"नेम चुकला."

"हो."

"मग तसंच लिहा की. नेम चुकणं हा अपघातच आहे. त्याचे पैसे मिळतात. न झालेल्या दगडाचे मिळणार नाहीत." मग शेंडी साहेबांच्या हातावर ठेवून म्हणाले, "खोटं बोलायची गरजच नसते हो बहुतेक वेळा. पण लोक आधी बोलून टाकतात."

साहेबांनी माझ्याशी पुढे महिनाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी मामांना म्हणालो, "त्यांना एकट्याला सांगता आलं असतं ना?" मामा खरंच गोंधळून म्हणाले, "एकटेच तर होते ते." आजूबाजूला आमचा निम्मा विभाग उभा होता.

हे सगळं माहीत असल्यामुळे, माझ्या मुलीला, ऋतुजाला, बघायला पहिल्यांदा माणसं यायची ठरली तेव्हा बायकोने मामांना आदल्या दिवशीच फोन केला. "मामा, या नक्की. तुमच्याशिवाय बसणार नाही मी. पण त्यांच्या गाडीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"शपथ घ्या."

"तुझ्या आईची शपथ. हात खिशात ठेवतो."

स्थळ चांगलं होतं. मुलगा चाकणला एका कारखान्यात इंजिनियर, बोलायला साधा, डोळ्यांत बघून बोलणारा. आईवडील मूळचे लातूरकडचे, वडील त्याच पट्ट्यात फिटर म्हणून निवृत्त होत आलेले. ऋतुजाने फोनवर त्याच्याशी दोन-तीनदा बोलून घेतलं होतं आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ आरशासमोर उभी राहत होती. मला इतकं पुरेसं होतं.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मामांना मी खिडकीपासून लांबच्या खुर्चीत बसवलं होतं, पण बेल वाजायच्या आत ते पाहुण्यांना घ्यायला खाली उतरले. मी गॅलरीत धावलो. खाली एक पांढरी गाडी उभी होती, आरशाला अजून हाराची झेंडूची फुलं. मुलाचे वडील उतरून नमस्कार करत होते आणि मामा त्यांच्या बाजूने निघून गाडीभोवती फिरत होते. दोन्ही हात पँटच्या खिशात खोल घातलेले. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली त्यांनी डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. मग वर येऊन खुर्चीत बसले. पोह्यांची बशी पुढे केली तर नको म्हणाले. हात अजून खिशातच.

बाकी सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात हॉलची तारीख बघायला लागलो होतो. ऋतुजा आणि मुलगा गॅलरीत बोलून आले. दोघंही हसत होते. मुलाच्या वडिलांना तो आनंद आवरेना. ते म्हणाले, "लेकरांना जरा फिरून येऊ द्या की. निगडीपस्तोर जाऊन येतील. गाडी हाय खाली."

मामा उभे राहिले. "त्या गाडीत पोर बसणार नाही."

मुलाची आई पदर सावरत पुढे सरकली. वडील म्हणाले, "कामून? कामून बरं असं म्हणायलेत मामा?"

"मी हात लावलेला नाही, म्हणून खात्रीने काही सांगत नाही." मग ते माझ्या बायकोकडे वळले. सत्तरी ओलांडलेला माणूस शाळेतल्या मुलासारखा तिला विचारत होता, "हात लावू?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं जमीन दुभंगावी. मी म्हणालो, "मामा, बसा." पण मुलाचे वडीलच उठले. "लावा की. आपल्यात काय लपवायचं हाय? एका मालकाची गाडी हाय. चला, समदे चला खाली."

सगळे खाली गेलो. वरच्या गॅलऱ्यांमधून शेजारी बघायला लागले. मामांनी डोळे मिटले आणि मळहात पुढच्या दारापासून मागे न्यायला सुरुवात केली. दोन दारांच्या मधल्या खांबाशी हात थांबला. त्यांनी रुमालातला चुंबक काढून तिथे लावला. तो चिकटला नाही, घसरून खाली पडला. मग दार उघडून त्यांनी कडेचं रबर ओढून काढलं. आतला पत्रा सगळ्यांना दिसला. पुढे कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर होते. खांबाशी आल्यावर ठिपके संपत होते आणि तिथून एक जाड, वेडीवाकडी शिवण खाली गाडीच्या तळापर्यंत गेली होती.

"ही एक गाडी नाही, दोन आहेत," मामा म्हणाले. "मागचा भाग एकीचा, पुढचा दुसरीचा. मध्ये जोड दिलाय आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलाय, म्हणून चुंबक चिकटला नाही. जोराचा धक्का बसला तर इथून उघडेल." मग ते वडिलांकडे वळले आणि मला ज्याची सगळ्यांत जास्त भीती होती ते न विचारता त्यांनी भलतंच विचारलं, "आजपर्यंत कुणाला लागलं नाही ना?"

वडील त्या शिवणीला हात लावून उभे होते. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही तर म्हणालात गाडी साफ आहे."

"मला तसंच सांगितलं की त्या दलालानं." मग ते माझ्याकडे न बघता, कुणाकडेच न बघता म्हणाले, "तुमच्या कागदात चारचाकी लिव्हली होती."

मुलाची आई हळूच म्हणाली, "ह्यांना तर चालवताबी येत नाही. लेकरू मोटरसायकलवरच जातंय कामाला."

ऋतुजाचा बायोडेटा मी तयार केला होता. अपेक्षा या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'स्वतःचे घर व चारचाकी असल्यास प्राधान्य.' हुंड्याबिंड्याच्या मी कायम विरोधात आहे. आमच्या घरात तो विषयही निघत नाही. ती ओळ मी सुरक्षिततेसाठी लिहिली होती. चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मधून दुचाकीवर जाणारी माणसं मी रोज बघतो, माझी मुलगी तशी जाऊ नये एवढंच मनात होतं. त्या एका ओळीसाठी एका माणसाने ही गाडी आणली होती. पार्किंगमध्ये हे कुणी बोलून दाखवलं नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मामांनी गाडीची किल्ली मागून घेतली. "ही आता टोचन करूनच हलेल. तुम्हाला मी सोडतो." त्यांची स्वतःची जुनी गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. तिला चारी बाजूंनी पोचे होते, एकही कधी काढलेला नव्हता. आमच्या सोसायटीत ती लावायची मला लाज वाटायची, म्हणून मीच त्यांना बाहेर लावायला सांगायचो. त्या गाडीत पाहुणे बसून गेले. मी सोबत गेलो नाही. माझी गाडी समोर उभी असूनही मी येतो म्हणालो नाही, कारण त्या तासाभराच्या रस्त्यात काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

वर आल्यावर ऋतुजाने कपबशा गोळा करता करता विचारलं, "ती ओळ कुणी लिहिली होती, बाबा?"

"अगं, तुझ्याच सुरक्षिततेसाठी..."

"मला विचारलं होतंत?"

पुढचं चाचांकडून कळलं. मामा त्या दलालाच्या दुकानासमोर रोज सकाळी खुर्ची टाकून बसायला लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गिऱ्हाईक आलं आणि गाडी बघायला लागलं की मामा उठायचे, डोळे मिटायचे आणि त्या गाडीवरून मळहात फिरवायचे. काही बोलायचेसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि निघून जायचं. "चौथ्या दिवशी त्याने हात जोडले," चाचा हसून सांगत होते. "गाडी वापस, पैसा वापस. बोलला, मामा, खुर्ची उचला, आणखी काय पाहिजे?"

गाडीचा निकाल लागला. स्थळाचा वेगळा लागला. मध्यस्थ म्हणाले, त्या लोकांना तुमच्यासमोर यायची लाज वाटते. मला त्यांच्यासमोर जायची वाटत होती. मामा दर भेटीत म्हणायचे, "जावई, जाऊन या एकदा. तुमची चूक तुम्ही सांगा, म्हणजे त्यांना त्यांची सांगावी लागणार नाही." मी म्हणायचो, येत्या रविवारी. मामा पुढे बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "काच आहे ती. तिला घसारा नाही," आणि कपात चहा ओतून घेतला. असे बरेच रविवार गेले आणि मग निरोप आला, 'आमच्याकडं जे हाय ते तुमच्या कागदात बसत न्हाई.' ऋतुजाने तो निरोप माझ्या मोबाइलवर स्वतः वाचला आणि मोबाइल उपडा करून टेबलावर ठेवला.

तिचं लग्न नंतर नाशिकला झालं. सुखात आहे. त्यामुळे नेमकं नुकसान काय झालं असं कुणी विचारलं तर मला आकडा सांगता येणार नाही. मामा तिच्या लग्नाला होते. पार्किंगमध्ये गाड्या चाचपत होते आणि त्या दिवशी मी त्यांना हाक मारली नाही. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले.

मागच्या महिन्यात निगडीच्या बस स्थानकापाशी मला मुलाचे वडील दिसले. हातात पिशवी, चाकणच्या बसची वाट बघत. मी गाडी पुढे नेलीसुद्धा होती. मग कडेला घेतली आणि उतरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लगेच ओळखलं. "नमस्कार, नमस्कार. पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. चला, मी सोडतो तुम्हाला."

"कशाला तसदी? बस येईल की."

"मलाही तिकडेच जायचंय," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच ओशाळलो. "नाही, जायचं नाहीये. तरी सोडतो. मला तुमच्याशी बोलायचंय. केव्हाचं राहिलंय."

ते गाडीपाशी आले, पिशवी खाली ठेवली. दाराचा खटका ओढायच्या ऐवजी त्यांनी डोळे मिटले आणि हाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवली. उन्हं तिरपी झाली होती. मागे रिक्षावाले बघत होते, एक जण हसला. मी मान खाली घातली नाही. हात हळूहळू दाराच्या टोकाकडे सरकत गेला, थोडा मागे आला, थांबला.

"हे दार रंगवलंय व्हय?"

"हो. आमच्या पार्किंगमधल्या खांबाला घासलं होतं. मीच घासलं."

त्यांनी डोळे उघडले आणि मग पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं.

"मंग बसतो," ते म्हणाले.